फुलदाणीवर देव नाही, तरी ती देवाचीच: १३५१ सालच्या एका ताओवादी अर्पणाचा अभ्यास

चिनी निळ्या-पांढऱ्या पोर्सेलिनवर ताओवाद कसा ओळखायचा, असे विचारले की बहुतेक जण चित्रांकडे बोट दाखवतात. आठ सिद्धपुरुष, पीच फळ हाती घेतलेला म्हातारा आयुष्यदेव, क्रौंच, भोपळा, अखंड आणि तुटक रेघांची आठ कूटचिन्हे. ही चिन्हे ताओवादी परंपरेतली आहेत यात वाद नाही. पण या पद्धतीला एक वस्तू अडचणीत आणते, आणि योगायोगाने ती निळ्या-पांढऱ्या पोर्सेलिनच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची वस्तू आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या ‘डेव्हिड फुलदाण्या’. ताओवादी देवस्थानासाठी घडवलेल्या, तसा लेख अंगावर वागवणाऱ्या, आणि तरीही एकही ताओवादी आकृती नसलेल्या. या लेखात त्याच एका प्रकरणाकडे बारकाईने पाहायचे आहे.

काय घडले होते

चीनवर मंगोल युआन घराण्याचे राज्य होते. तोगोन तेमूर हा त्या घराण्याचा चीनमधला शेवटचा सम्राट. त्याच्या झिझेंग या राजशकाच्या अकराव्या साली, म्हणजे इसवी सन १३५१ मध्ये, झांग वेनजिन नावाच्या गृहस्थाने पोर्सेलिनसाठी प्रसिद्ध असलेल्या जिंगदेझेन शहराच्या भट्टीतून तीन वस्तूंचा एक संच करवून घेतला: एक धूपपात्र आणि दोन फुलदाण्या. धूपपात्राचा आजवर पत्ता लागलेला नाही. फुलदाण्या मात्र दोन्ही टिकल्या. प्रत्येकीची उंची ६३ सेंटिमीटरहून थोडी जास्त आहे. दोघींच्या मानेवर, केळीच्या पानांच्या पट्ट्यात, निळ्या रंगात उभ्या ओळींचा लेख आहे. त्याचा आशय असा:

शिनझोऊ विभाग, युशान तालुका, शुनचेंग परगणा, देजियाओ गाव, जिंगतांग वस्ती इथला, देवांचा शिष्य झांग वेनजिन आनंदाने एक धूपपात्र आणि फुलदाण्यांची जोडी अर्पण करतो. सगळ्या घरादाराचे रक्षण व्हावे, मुलामुलींना सुख-शांती लाभावी, ही प्रार्थना. झिझेंगच्या अकराव्या वर्षी, चौथ्या महिन्यात, शुभदिनी ही नोंद आदरपूर्वक केली. शिंगयुआनच्या मूळपीठातले सेनापती हू जिंगयी यांच्या पूजेसाठी.

आपल्याकडे नवस फेडताना देवळाला समई किंवा घंटा देतात आणि तिच्यावर देणाऱ्याचे नाव, गाव, तिथी कोरून घेतात. हा लेख थेट त्याच जातीचा आहे. पत्ता आधी, तोही विभागापासून वस्तीपर्यंत उतरत आलेला. मग नाव, मग वस्तूंची यादी, मग मागणे. देवाला आपले घर नेमके सापडावे अशी सोय त्यात आहे. मला हा लेख म्हणूनच फार जवळचा वाटतो. सम्राटाची स्तुती, तत्त्वज्ञान, ‘ताओ ते चिंग’ या ताओवादी ग्रंथातले एखादे वचन, यांपैकी काहीही नाही. एका बापाने मुलाबाळांसाठी मागितलेले मागणे आहे.

चौथा महिना

या तारखेने पोर्सेलिनच्या अभ्यासकांना काय दिले ते पुढे येईलच. आधी त्या महिन्यात आजूबाजूला काय चालले होते ते पाहिले पाहिजे. याच चौथ्या महिन्यात सरकारने पीत नदीचे पात्र वळवण्याचे प्रचंड काम हाती घेतले. दीड लाख वेठीचे मजूर आणि वीस हजार सैनिक त्यावर जुंपले गेले. त्या असंतोषातून पुढच्याच महिन्यात उत्तरेकडे ‘लाल पागोटेवाल्यां’चे बंड पेटले. वर्षभराच्या आत, १३५२ मध्ये, बंडखोरांच्या फौजा जिंगदेझेन ज्या भागात आहे त्या राओझोऊपर्यंत पोहोचल्या. १३६८ मध्ये मंगोलांना बीजिंग सोडावे लागले.

झांग वेनजिनला हे पुढचे दिसत होते असा दावा मी करणार नाही. पण पूर, दुष्काळ, साथी आणि वेठबिगार यांनी देश अनेक वर्षे पोळला होता. अशा काळात माणूस कोणत्या देवाकडे जातो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तो सेनापतीकडे जातो.

सेनापती देव कसा होतो

ताओवाद म्हटले की आपल्याकडे लाओझी, निसर्गाशी एकरूप होणे, निवृत्ती असे चित्र डोळ्यांसमोर येते. चौदाव्या शतकातल्या जिआंगशीच्या खेड्यांत ताओवाद हा त्यापेक्षा फार वेगळा व्यवहार होता. रोग, दुष्ट शक्ती, अवर्षण यांच्याशी लढणारे विधी करणारे पुरोहित, आणि त्या विधींत ज्यांना पाचारण करायचे असे लढवय्ये देव. युआन आणि त्याआधीच्या सोंग घराण्याच्या काळात वज्रविधी, म्हणजे मेघगर्जनेच्या सामर्थ्यावर चालणारे विधी, दक्षिण चीनमध्ये फार पसरले होते. त्या विधींत ‘सेनापती’ ही देवांची एक पदवीच होती. एखादा पराक्रमी किंवा अपमृत्यूने गेलेला माणूस आधी गावात पुजला जाई, मग त्याचा लौकिक वाढे, मग ताओवादी देवमंडळात त्याला पद मिळे. हू जिंगयी हा अशाच नव्याने देवत्वाला चढलेल्यांपैकी. शिंगयुआन म्हणजे आजचे वूयुआन. ते आणि युशान दोन्ही आज जिआंगशीच्या ईशान्य कोपऱ्यात, शांगराओ जिल्ह्यात येतात.

आणखी एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. लेखात ज्या शिनझोऊ विभागाचे नाव पहिले येते, त्याच विभागात लोंगहू शान, म्हणजे ‘ड्रॅगन-व्याघ्र पर्वत’, होता. झेंगयी पंथाच्या ‘स्वर्गीय गुरूं’ची ती गादी. मंगोलांनी दक्षिण चीन जिंकल्यावर तिथल्या ताओवादी व्यवहारावरचा अधिकार याच गादीला दिला. त्यामुळे देणगीदार अगदी आडबाजूच्या खेड्यातला असला तरी धर्माच्या नकाशावर तो आडबाजूला नव्हता. (गादीवरच्या घराण्याचे आडनावही झांग. पण हे आडनाव चीनमध्ये इतके सर्रास आहे की त्यावरून नाते जोडण्यात अर्थ नाही.)

फुलदाणीवर खरोखर काय आहे

वरून खाली येऊ. तोंडाच्या काठाशी शेवंतीची वेल. मानेवर उभी केळीची पाने, आणि त्यांच्यातच तो लेख. त्याखाली ढगांत उडणारे फिनिक्स. मानेच्या दोन्ही बाजूंना हत्तीच्या मस्तकाच्या आकाराच्या मुठी; त्यांच्या सोंडांत एके काळी कड्या होत्या. खांद्याजवळ कमळवेल. मग फुलदाणीचा मुख्य पोट-भाग, आणि त्याला वेढणारा लांबलचक ड्रॅगन: दाढी, शिंगे, खवले, चार नखांचे पंजे, भोवती ढग. त्याच्या पायाशी लाटा. खाली पिओनी फुलांची वेल, आणि तळाशी पाकळ्यांच्या चौकटींत शुभवस्तू.

चार नखे हा तपशील सोडून देण्यासारखा नाही. दोन शिंगांचा, पाच नखांचा ड्रॅगन सामान्यांनी वापरू नये असा युआन दरबाराचा १३१४ चा निर्बंध होता. जिंगदेझेनच्या चिताऱ्याने तो पाळलेला दिसतो. म्हणजे देवाला द्यायच्या वस्तूवरही कायद्याचा पहारा होता.

हे सगळे काम किती अवघड होते तेही सांगायला हवे. एवढी मोठी भांडी एका दमात चाकावर उठत नाहीत. भागाभागांनी घडवून जोडावी लागतात. कच्च्या, न भाजलेल्या अंगावर निळा रंग देणाऱ्या कोबाल्टने चित्र काढायचे, वर झिलई द्यायची आणि सुमारे १३०० अंश सेल्सियसला एकदाच भाजायचे. कोरडी माती रंग लगेच पिऊन घेते, म्हणून कुंचल्याचा फटकारा मागे घेता येत नाही. शिवाय हा कोबाल्ट पश्चिम आशियातून, इराणच्या बाजूने, आलेला. देजियाओ गावच्या माणसाच्या नवसासाठी अर्ध्या आशियातून रंग आला होता. हा संच स्वस्त नव्हताच.

मग यात ताओवादी काय?

काही वर्णनांत ड्रॅगन म्हणजे यांग (पुरुषतत्त्व) आणि फिनिक्स म्हणजे यिन (स्त्रीतत्त्व) असे सांगून ताओवाद या चित्रांतून काढला जातो. मला ते पटत नाही. कारण साधे आहे. हेच पट्टे, हीच कमळवेल, पिओनी, लाटा, हेच ड्रॅगन आणि फिनिक्स त्याच काळात जिंगदेझेनमधून परदेशी गेलेल्या भांड्यांवर आहेत. ती भांडी इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहेत, इराणमधल्या अर्दबीलच्या दर्ग्याला शाह अब्बासने १६११ मध्ये वाहिलेल्या संग्रहात आहेत, आणि दिल्लीत फिरोजशाह तुघलकाच्या राजवाड्याच्या परिसरातही सापडली आहेत. सुलतानाच्या पंगतीत मांडलेल्या थाळीवरची कमळवेल ताओवादी नसेल, तर झांग वेनजिनच्या फुलदाणीवरची तेवढ्यावरून ताओवादी ठरत नाही. ही जिंगदेझेनची त्या काळातली सर्वसाधारण चित्रभाषा होती.

मांडणीबद्दल मात्र मी थोडा वेगळा विचार करतो. खाली पाणी, मध्ये ढगांतला ड्रॅगन, वर आकाशातला फिनिक्स, असा चढता क्रम आहे. चिनी कल्पनेत ड्रॅगन पाण्यातून ढगांत जातो आणि पाऊस आणतो. वेदीवर समोर उभे राहून पाहणाऱ्या भक्ताची नजर तळापासून वर, लेखापर्यंत, चढत जाईल अशी ही रचना आहे. चिताऱ्याने नेहमीचाच माल वापरला, पण त्याची रास नीट लावली.

ताओवाद शोधायचा तर तो तीन ठिकाणी सापडतो. पहिले, संचात. वेदीच्या मध्यभागी धूपपात्र आणि दोन्ही बाजूंना फुलदाण्या ही पूजेची मांडणी आहे. पुढे तिच्यात दोन दीपदानांची भर पडून पाच वस्तूंचा संच रूढ झाला. यातले मुख्य पात्र धूपाचे, कारण देवाकडे प्रार्थना धुरातून पोहोचते. फुलदाण्या त्याच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या. दुसरे, आकारात. हत्तीच्या मस्तकाच्या मुठी आणि कड्या हे पोर्सेलिनचे स्वतःचे वळण नाही. ते धातूच्या पूजापात्रांवरून घेतलेले आहे. तिसरे आणि सर्वांत स्पष्ट, लेखात. देवाचे नाव, देवस्थान, शिष्यत्व, अर्पण, मागणे, शुभदिन. लेख पुसला तर या दोन फुलदाण्या एखाद्या श्रीमंताच्या दिवाणखान्यातही शोभल्या असत्या.

मग देवाची आकृती का नाही? माझ्या मते तिची गरजच नव्हती. देव गाभाऱ्यात मूर्तिरूपाने बसलेलाच होता, आणि मोठ्या देवस्थानांत भिंतीही देवांनी भरलेल्या असत. त्या काळात ताओवादी आकृत्या किती वैभवाने रंगवल्या जात हे पाहायचे असेल तर शान्शी प्रांतातल्या योंगल गोंग या देवालयाच्या भिंती पाहाव्यात. तिथल्या ‘तीन विशुद्धां’च्या, म्हणजे ताओवादातल्या तीन सर्वोच्च देवांच्या, सभागृहातली चित्रे १३२५ ची: मिरवणुकीने निघालेले २८० हून अधिक देव, काही तर माणसापेक्षा उंच, प्रत्येकाचा चेहरा वेगळा. शेजारच्या, ल्यू दोंगबिन या सिद्धाच्या सभागृहात त्याचे चरित्र रंगवले आहे. ते काम १३५८ चे, म्हणजे आपल्या फुलदाण्यांनंतर सातच वर्षांनी पूर्ण झालेले. (सान्मेनशिया धरणाच्या पाण्याखाली जाऊ नये म्हणून हे सगळे देवालय १९५९ पासून भिंतींसह उचलून रुइचेंगला नेले गेले. भित्तिचित्रे कापून नेऊन पुन्हा जोडण्याचे ते काम स्वतंत्र लेखाच्या योग्यतेचे आहे.) ज्या जागी असे देव भिंतीवर उभे आहेत, तिथे फुलदाणीने त्यांचे चित्र पुन्हा दाखवायचे कारण नाही. फुलदाणी भक्ताच्या बाजूची वस्तू आहे. ती देवाकडे तोंड करून उभी असते.

त्याच दशकांतला उलटा दाखला

युआन काळातल्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांवर माणसांच्या आकृत्याच नव्हत्या असे नाही. १२ जुलै २००५ रोजी लंडनच्या क्रिस्टीज लिलावगृहात जो रांजण सुमारे १ कोटी ५७ लाख पौंडांना गेला आणि ज्याने जगभर बातम्या केल्या, त्याच्यावर ग्वेइगूझी आहे. प्राचीन चीनमधल्या ‘लढत्या राज्यां’च्या काळातला हा गूढ गुरू ताओवादी परंपरेत पूज्य मानला जातो. रांजणावर तो वाघ आणि चित्ता जोडलेल्या गाड्यात बसून डोंगर उतरतो आहे. शत्रूच्या कैदेत अडकलेल्या शिष्याला सोडवायला निघालेला.

म्हणजे इथे ताओवादी व्यक्तिरेखा आहे, तीही भव्य. पण तिचा उगम देवळात नाही. १३२० च्या दशकाच्या सुरुवातीला छापलेल्या सचित्र कथा-पुस्तकांतल्या प्रसंगाशी हे चित्र जुळते. अशा पुस्तकांनी आणि रंगभूमीने त्या पिढीला ऐतिहासिक गोष्टींचे वेड लावले होते, आणि जिंगदेझेनच्या कारागिरांनी ते वेड रांजणांवर आणले. असे रांजण साठवणीचे, मेजवानीचे. चित्र पाहून पाहुण्यांनी गोष्ट ओळखायची आणि दाद द्यायची. भक्ताच्या पूजापात्रावर देव नाही आणि घरच्या रांजणावर गुरू आहे, ही विसंगती वरवरची आहे. दोन्ही वस्तू आपापल्या जागी बरोबर आहेत.

दोनशे वर्षांनी: सम्राटच भक्त झाला तेव्हा

आज आपण ज्याला ‘ताओवादी चित्रे असलेले निळे-पांढरे पोर्सेलिन’ म्हणतो, त्यातला मोठा भाग युआननंतर आलेल्या मिंग घराण्यातल्या जियाजिंग सम्राटाच्या काळातला आहे. त्याने १५२१ ते १५६७ राज्य केले. शाओ युआनजिये आणि नंतर ताओ झोंगवेन हे ताओवादी पुरोहित त्याच्या दरबारात सर्वोच्च मानाला पोहोचले. अमरत्वासाठी त्याच्यावर औषधांचे प्रयोग चालत, आणि त्यांपायी अंतःपुरातल्या तरुण मुलींचे हाल होत. १५४२ मध्ये राजवाड्यातल्या दासींनी त्याला झोपेत गळा आवळून मारण्याचा प्रयत्न केला. गाठ नीट बसली नाही म्हणून तो वाचला. त्यानंतर तो मुख्य राजवाडा सोडून पश्चिम उद्यानात राहायला गेला आणि विधींमध्येच बुडाला. त्या मुलींची कहाणी सांगितल्याशिवाय या काळातल्या क्रौंचांचे आणि पीचचे कौतुक करणे मला अवघड जाते.

भांड्यांवर त्याच्या इच्छेचा पूर लोटला. मागणीच्या सरकारी याद्यांत ‘आठ सिद्ध समुद्र ओलांडताना’, ‘पाणी आणि अग्नी यांनी उचललेली आठ कूटचिन्हे’, ‘ढग आणि क्रौंच’ अशा चित्रविषयांची नावे येतात. रंगही वेगळा: जांभळट झाक असलेला तेजस्वी निळा. या काळाचा आवडता आकार जोड-भोपळ्याचा. भोपळ्यात सिद्ध औषध बाळगतात, ली त्येग्वाय या लंगड्या सिद्धाच्या काठीला तो लटकतो, आणि एका जुन्या कथेत तर बाजारातला म्हातारा वैद्य संध्याकाळी स्वतःच भोपळ्यात उडी मारून आतल्या वेगळ्या जगात जातो. काही भोपळ्यांचा वरचा गोळा गोल आणि खालचा चौकोनी असतो: आकाश गोल, पृथ्वी चौकोनी. कुंभाराच्या दृष्टीने हे महाकठीण, कारण चौकोनी भिंती भट्टीत वाकतात. पाइनचे खोड पिळवटून ‘दीर्घायुष्य’ या अक्षराचे वळण घेते. हरिणाच्या तोंडात लिंगझी, म्हणजे अमरत्व देणारी मानली गेलेली अळिंबी. आठ सिद्ध आपापल्या खुणांवरून ओळखायचे: झोंगली चुआनचा पंखा, ल्यू दोंगबिनची तलवार, झांग ग्वोलाओचे बांबूचे वाद्य, हान शियांगझीची बासरी, ह शियानगूचे कमळ, लान त्साइहेची फुलांची परडी, त्साओ ग्वोजियूच्या चिपळ्या, आणि अर्थात भोपळा.

मग इथे तरी चित्रांवरून पूजेचा उपयोग ओळखता येतो का? मला वाटते, इथेही नाही. जियाजिंगच्या ताओवादी महाविधीत प्रत्यक्ष वेदीवर ठेवलेले काही पेले आज संग्रहालयांत आहेत, आणि ते जवळजवळ कोरे आहेत. पांढरीशुभ्र झिलई आणि निळ्या अक्षरांत एवढेच, की हे ‘सुवर्णपत्र महाविधी’च्या वेदीवर वापरायचे. सोबत आत काय ओतायचे त्याचे नाव: मद्य, चहा, खजुरासारख्या चिनी बोरांचा काढा, आल्याचा काढा. क्रौंच नाही, सिद्ध नाही, भोपळा नाही. ज्या सम्राटाने सगळी भट्टी अमरत्वाच्या चित्रांनी भरून टाकली, त्यानेही देवापुढचा पेला साधाच ठेवला. झांग वेनजिनच्या फुलदाणीवर होते तेच इथेही बोलते: लेख.

राज्याच्या यज्ञवेदींचेही तेच, जरी तो विधी ताओवादी नव्हे. १५३० मध्ये जियाजिंगने आकाश, पृथ्वी, सूर्य आणि चंद्र यांच्या वेदी वेगळ्या केल्या आणि त्यांची पात्रे अनुक्रमे निळी, पिवळी, लाल आणि पांढरी ठरवली. सगळे रंगावर. याचा एक धडा १५४७ मध्ये भट्ट्यांना उपयोगी पडला. ताम्र-लाल झिलई काही केल्या जमेना, तेव्हा प्रांतिक अधिकाऱ्यांनी विनंती केली की सूर्यवेदीच्या पात्रांना चालला तोच लोह-लाल रंग मेजावरच्या भांड्यांनाही चालवून घ्यावा.

तर मग क्रौंच, पीच आणि सिद्ध यांचे काम काय? ते शुभेच्छेचे आहे. सम्राटाच्या वाढदिवसाला, सणाला, भेटीदाखल, महालाच्या सजावटीला ‘दीर्घायुषी व्हा’ असे म्हणण्याची ती भाषा. तिच्यामागची श्रद्धा खरी आहे, पण ती माणसाकडे तोंड करून बोलते. याच कारणाने ही चित्रे ताओवादाशी काही संबंध नसलेल्या घरांतही सहज गेली, आणि आजही चीनमध्ये वाढदिवसाच्या भेटींवर दिसतात.

मुंबईचा माणूस आणि एक तारीख

या फुलदाण्या ज्याच्या नावाने ओळखल्या जातात तो पर्सिव्हल डेव्हिड मुंबईत १८९२ साली जन्मला. वडील सर ससून डेव्हिड हे मुंबईतल्या बगदादी ज्यू व्यापारी समाजातले मोठे नाव; १९०६ मध्ये बँक ऑफ इंडियाची स्थापना झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष. मुलाने घरच्या व्यापारापेक्षा चिनी कलेत आयुष्य घातले. तो चिनी भाषा शिकला, बीजिंगला गेला, लंडनमधल्या १९३५-३६ च्या मोठ्या चिनी कला प्रदर्शनामागे मुख्य हात त्याचाच होता. दोन्ही फुलदाण्या त्याने वेगवेगळ्या संग्रहांतून मिळवल्या आणि जोडी पुन्हा एकत्र आणली. नवसाची जोडी पुन्हा एकत्र उभी राहिली, याचे श्रेय मुंबईकराला आहे, हे सांगताना मला मनापासून आनंद होतो.

ब्रिटिश म्युझियमचे आर. एल. हॉब्सन यांनी १९२९ मध्ये या लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. तेव्हा समज असा होता की इतके सफाईदार निळे-पांढरे काम मिंग काळाआधी झालेच नाही. त्यामुळे पुढची वीसेक वर्षे या तारखेचा फारसा उपयोग कोणी केला नाही. १९५० च्या दशकात अमेरिकी अभ्यासक जॉन अलेक्झांडर पोप यांनी तोपकापी आणि अर्दबीलच्या भांड्यांतला प्रत्येक पट्टा, पान आणि लाट या दोन फुलदाण्यांशी ताडून पाहिली, आणि चौदाव्या शतकातल्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांचा एक संपूर्ण गट उभा राहिला. चिनी अभ्यासक आजही त्याला ‘झिझेंग प्रकार’ म्हणतात. जगातल्या सर्व युआन निळ्या-पांढऱ्या भांड्यांचे कालमापन एका खेडुताच्या नवसाच्या तिथीवर टेकलेले आहे. शुभदिनाची नोंद करणे हा विधीचा भाग नसता तर ही तारीख लिहिलीच गेली नसती.

डेव्हिडने आपला संग्रह १९५० मध्ये लंडन विद्यापीठाला दिला. तो १९६४ मध्ये वारला. सुमारे १,७०० वस्तूंचा हा संग्रह २००९ पासून ब्रिटिश म्युझियमच्या ९५ क्रमांकाच्या दालनात आहे, आणि विश्वस्तांनी तो कायमचा म्युझियमला देत असल्याचे नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. त्याची किंमत सुमारे एक अब्ज पौंड सांगितली गेली. लंडनला जाणे न जमणाऱ्यांनी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातले चिनी पोर्सेलिन जरूर पाहावे. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून ते तिथे आले आहे.

एक आक्षेप

या मांडणीवर एक आक्षेप रास्त आहे. मिंग काळात जिंगदेझेन आणि इतर भट्ट्यांनी ताओवादी देवांच्या पोर्सेलिनच्या प्रतिमाही घडवल्या. उत्तर दिशेचा लढवय्या देव झेनवू त्यांत वारंवार येतो: मोकळे केस, चिलखत, पायाशी एकमेकांना वेढलेले कासव आणि साप. तर मग पूजेत आकृती नसते असे कसे म्हणायचे?

तसे म्हणायचेच नाही. झेनवूची प्रतिमा ही भांड्यावरची सजावट नाही, ती घरच्या देव्हाऱ्यातली मूर्ती आहे. तिला धूप दाखवतात, तिच्यापुढे फुले ठेवतात. आकृती असलेली वस्तू वेदीवर असेल तर ती मध्यभागी, पूजा घेणाऱ्याच्या जागी असते. धूपपात्र तिच्या पुढ्यात आणि फुलदाण्या दोन्ही बाजूंना, पूजा करणाऱ्याच्या वतीने. हू जिंगयीची मूर्ती कशाचीही घडवलेली असो, झांग वेनजिनच्या फुलदाण्यांची जागा तिच्या उजव्या-डाव्या हाताला होती.